थिजलेलं तूप, वाहतं शेंगतेल आणि पेशीचं पटल

डिसेंबरात खानापूरकडे थंडी पडली की आमच्या घरी तुपाचा डबा चुलीजवळ येतो. तूप घट्ट थिजलेलं. शेजारच्या बरणीतलं शेंगतेल मात्र सहज ओतता येतं. तुपातल्या बऱ्याच मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात. शेंगतेलातल्या बहुतेक शेपट्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, म्हणून त्या नीट रचल्या जात नाहीत.

आपल्या पेशीचं पटलही अशाच शेपट्यांचं. पटलातल्या लिपिड, म्हणजे मेदासारख्या, रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाणी टाळतात. म्हणून शेपट्या आत घेऊन दोन थर उभे राहतात. जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर. इथला अणू न् अणू कसा हलतो, हे संगणकावर पाहता येतं.

युक्ती न्यूटनची आहे. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचं बल किती हे काढायचं, त्याला किंचित पुढे सरकवायचं, पुन्हा बल काढायचं. मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी १९६४ साली द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू असेच चालवून दाखवले. हे नाव आपल्या शाळांतून कानावर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पटलाचा १२८ रेणूंचा लहानसा तुकडा घेतला तरी पाण्यासकट तीसेक हजार अणू होतात. पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा अब्जावा भाग), कारण हायड्रोजन अणूंना जोडणारे बंध दहाएक फेम्टोसेकंदांत एकदा थरथरतात. पाऊल मोठं टाकलं तर गणितच कोसळतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी अशी ५० कोटी पावलं!

पडद्यावर दिसते ती गणपतीच्या आदल्या दिवशीची बेळगावातली गणपत गल्ली. खांद्याला खांदा लागलेला, तरी शेजारी सारखे बदलतात. खऱ्या पटलात एक लिपिड सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलतं. या थरातून त्या थरात उलटायला मात्र तास, कधी दिवस लागतात, कारण पाणीप्रिय डोक्याला मधला तेलकट भाग ओलांडावा लागतो. साध्या सिम्युलेशनमध्ये ही उडी वाट पाहून सापडत नाही, रेणूला मुद्दाम ओढून न्यावं लागतं.

आणि बाकाचं काय? दोन्ही शेपट्या १८ कार्बनच्या आणि सरळ असल्या, तर असं एक नेहमीचं लिपिड ५५ अंशांच्या आसपास वितळतं. प्रत्येक शेपटीत मधोमध एक बाक आला, की तेच शून्याखाली सुमारे १७ अंशांवर. थंडीत वाढणारे कित्येक जिवाणू म्हणूनच पटलातल्या बाकदार शेपट्या वाढवतात.