अतिबलाढ्य नायक (चित्रकथांतील)

कल्पनारम्य चित्रकथांत ज्याच्या बळापुढे कथेतला एकही प्रतिस्पर्धी टिकत नाही असा नायक. वाचकांच्या बोलीत ‘ओपी हिरो’. ‘ओपी’ हे ‘ओव्हरपॉवर्ड’चे लघुरूप संगणकीय खेळांतून आले. खेळाचा तोल बिघडवणाऱ्या पात्राला किंवा शस्त्राला खेळाडू ते विशेषण लावतात. खेळात हा दोषच मानतात आणि पुढच्या आवृत्तीत त्या पात्राचे बळ कापले जाते. चित्रकथेत मात्र तो दोष असतोच असे नाही. या प्रकाराविषयीची बरीचशी चर्चा हा फरक न ओळखल्यामुळे भरकटते.

उगम : या प्रकाराचे मूळ कोठे धरावे याविषयी एकमत नाही. एक मत थेट महाकाव्यांपर्यंत मागे जाते. किष्किंधाकांडाच्या अखेरीस समुद्रकिनारी सगळे वानर हताश बसले असता जांबवान हनुमानाला त्याच्या बळाची आठवण करून देतो. ऋषींच्या शापामुळे त्याला या बळाचा विसर पडला होता, हे स्पष्टीकरण उत्तरकांडात येते. ते कांड अनेक अभ्यासक उत्तरकालीन मानतात. म्हणजे एवढा समर्थ वीर आधी स्वस्थ का बसला, हा प्रश्न जुन्या श्रोत्यांनाही पडला असावा. तथापि या साम्यावरून थेट परंपरा सिद्ध होत नाही.

दुसरे मत जून १९३८ हा दिनांक छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापासून आरंभ धरते. जेरी सीगल व जो शूस्टर यांचा सुपरमॅन त्या अंकात उडत नाही. तो एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, उडी मारतो, आगगाडीला मागे टाकतो आणि फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानेही त्याची कातडी भेदली जात नाही. ही मापे नंतरच्या मानाने माफकच होती. तरीही गुंड, सावकार आणि भ्रष्ट पुढारी यांच्यापुढे ती अमर्याद ठरत. म्हणून ‘अतिबलाढ्य’ हे नायकाच्या अंगचे माप नसून भोवतालच्या जगाशी असलेले प्रमाण आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तिसरे मत शब्दावर भर देते. जपानी ‘ओरे त्सुएए’ (‘ओरे’ म्हणजे मी, ‘त्सुएए’ हे ‘बलवान’ अर्थाच्या ‘त्सुयोइ’चे ताणून केलेले बोलीरूप) ही थट्टेची उक्ती बढाईखोर खेळाडूंना उद्देशून प्रथम ऑनलाइन खेळांत रुळली असावी आणि तेथून हौशी कादंबऱ्यांच्या टीकेत आली असावी. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर अशा कादंबऱ्या मोठ्या संख्येने आल्या आणि त्यांच्या चित्रकथाही निघाल्या. समानार्थाने वापरला जाणारा ‘मुसो’ (अद्वितीय) हा शब्द जुनाच आहे. त्याला ‘एकट्याने शेकडोंना लोळवणे’ ही छटा मात्र २००० साली आलेल्या ‘शिन सानगोकु मुसो’ या खेळामुळे मिळाली, असे सामान्यतः मानतात.

मर्यादा घालण्याचे प्रयोग : सर्वांत परिचित उपाय म्हणजे मर्मस्थान. क्रिप्टोनाइट हे सुपरमॅनला दुबळे करणारे काल्पनिक खनिज प्रथम १९४३ मध्ये सुपरमॅनच्या नभोवाणी मालिकेत आले, छापील चित्रकथेत १९४९ मध्ये. सीगलने १९४० मध्ये लिहिलेल्या, पण अप्रकाशित राहिलेल्या एका कथेत अशाच धातूची कल्पना होती. त्यामुळे श्रेय कोणाचे यावर मतभेद आहेत. हा उपाय लवकरच जीर्ण झाला. पुढील दशकांत खनिज इतके सुलभ झाले की भुरट्या चोरांच्याही खिशात ते सापडू लागले. १९७१ च्या आरंभी लेखक डेनी ओनील आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पृथ्वीवरचे सर्व क्रिप्टोनाइट निकामी करून नायकाचे बळही घटवले. बदल टिकला नाही. १९८६ मध्ये जॉन बर्नने तेच काम नव्याने हाती घेतले. बळ कापले की काही वर्षांत ते पुन्हा वाढते, कारण प्रत्येक नवा लेखक मागच्यापेक्षा मोठे संकट आणतो.

अकिरा तोरियामाच्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेत (१९८४–९५) हीच वाढ आकड्यांत मोजता येते. ‘स्काउटर’ या उपकरणात शेतकऱ्याचे युद्धबळ ५ दिसते. नायक गोकूचे शत्रू वेजिटाशी झुंजण्यापूर्वी ८,००० हून अधिक भरते (प्रसिद्ध ‘९,०००’ हा इंग्रजी भाषांतरातील आकडा, मूळ जपानीत तो नाही). पुढचा खलनायक फ्रीझा स्वतःचे ५,३०,००० सांगतो. आकडा पाहून लढतीचा निकाल आधीच कळू लागला, म्हणून बळ लपवणे, क्षणार्धात वाढवणे अशा युक्त्या आल्या आणि नंतर उपकरण जवळजवळ हद्दपारच झाले. जपानी वाचक या वाढीला ‘बळाची चलनवाढ’ म्हणतात. तिचा मोठा तोटा नायकाला नव्हे, सोबत्यांना होतो : क्रिलिन, यामचा हे एके काळचे बरोबरीचे लढवय्ये प्रेक्षक होऊन बसतात.

समाधान कशात : नायक जिंकणार हे ठरलेले असले की ‘जिंकेल का’ हा प्रश्न मरतो. त्याच्या जागी दुसरा प्रश्न बसवला तर कथा चालते, नाही तर तीच मारामारी पुन्हा पुन्हा वाचावी लागते. ‘वन’ या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये संकेतस्थळावर सुरू केलेली व २०१२ पासून युसुके मुराता नव्याने रेखाटत असलेली ‘वन पंच मॅन’ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचा नायक सैतामा याचा व्यायाम रोज १०० जोर, १०० सिट-अप, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणे एवढाच. तीन वर्षांत त्याचे केस गळतात आणि लढण्यातली गोडी संपते. वीरसंघाच्या परीक्षेत शारीरिक भागात तो पूर्ण गुण मिळवतो, पण लेखीत घसरतो आणि ‘क’ वर्गात पडतो. इथे प्रश्न मान्यतेचा आहे, आणि मान्यता ठोशाने मिळत नाही. समुद्रराजाच्या प्रकरणात सायकलवरचा एक साधा वीर हरणार हे ठाऊक असूनही लढतो; सैतामा उशिरा येतो, एका ठोशात काम संपवतो आणि बघे इतर वीरांना हिणवू लागताच सारे श्रेय त्यांच्याच पदरात टाकतो. त्या प्रसंगाचे वजन ठोशात नाही.

त्याच लेखकाच्या ‘मॉब सायको १००’मधील शिगेओला अलौकिक बळ आहे, पण धावण्यात दम लागतो, म्हणून तो शाळेतल्या व्यायाम मंडळात जातो. ‘ओव्हरलॉर्ड’ या जपानी कथेतल्या सर्वशक्तिमान सांगाड्याला भीती वाटते ती आपल्या अतिहुशार अनुयायांची : आपण त्यांना वाटतो तेवढे बुद्धिमान नाही हे उघड होईल की काय.

पानावरील मांडणी : जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचली जाते. म्हणून धमकी, बढाई किंवा उगारलेली मूठ डाव्या पानाच्या तळाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतात. पान उलटल्यावर फटका पूर्ण पानावर किंवा दुपानी चित्रात येतो. फटका आधीच्याच जोडपानावर ठेवला तर डोळा तो आधी टिपतो आणि ताण वाया जातो. बलाढ्य नायकाच्या फटक्यात गतिरेषा कमी आणि परिणाम जास्त दाखवणे परिणामकारक ठरते : फाटलेले ढग, उडालेली माती, आणि नायकाचा चेहरा जवळजवळ निर्विकार. पडद्यावर खाली सरकवत वाचायच्या कोरियन ‘वेबटून’मध्ये पान उलटणे नसते, तिथे दोन चौकटींमधली रिकामी उभी जागा तेच काम करते. ती फार लांबली तर वाचक सरसर खाली सरकवतो आणि फटकाही निसटतो.

सर्वाधिक बिघाड बघ्यांच्या चौकटींत होतो. शत्रूची बढाई, नायकाचा फटका, बघ्यांचे विस्फारलेले डोळे हा क्रम एकदा रंगतो. तिसऱ्या वेळी तेच बघे पुन्हा तितकेच चकित झाले तर ते मूर्ख वाटतात आणि मूर्खांना चकित करणारा नायकही लहान होतो. आश्चर्याने कोणाचे तरी वागणे बदलले पाहिजे : भाव वाढावा, शेजारच्या राजाने दूत पाठवावा, मित्राने दुरावावे. ‘स्लाइम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चिकट गोळ्याच्या रूपात पुनर्जन्म झालेल्या नायकाच्या जपानी कथेत (कादंबरी २०१३–१६, चित्रकथा २०१५ पासून) नायक वस्ती उभारतो, तह करतो, रस्ते बांधतो तो भाग म्हणूनच वाचनीय उतरतो, अडचण आली की नवे कौशल्य हाती येते तिथे तो सपाट होतो. मर्यादेचेही असेच. ती उपयोगी पडण्याच्या बऱ्याच आधी, शक्यतो क्षुल्लक प्रसंगात, दिसलेली असावी. ऐन लढतीत उपटलेला शाप वाचकाला फसवणूक वाटतो.

भारतीय चित्रकथा : १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने मराठीत आणलेला ली फॉकचा वेताळ (मूळ ‘फँटम’) या वर्गात मोडत नाही. त्याच्याकडे अलौकिक बळ नाही. चारशे वर्षे तोच जिवंत असल्याची समजूत, अंगठीचा कवटीचा ठसा आणि पिस्तूल एवढ्यावर तो धाक बसवतो. हिंदीत ‘राज कॉमिक्स’च्या नागराजाच्या (१९८६) शक्ती उत्तरोत्तर वाढत गेल्या, तर त्याच प्रकाशनाचा सुपर कमांडो ध्रुव (१९८७) शक्तिविरहित ठेवला गेला, दोघे एकत्र येतात त्या अंकांत बुद्धीचे काम सहसा ध्रुवाकडे असते.