क्लिम्टचे ‘चुंबन’ उभे नाही, चौरस आहे

ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाव्ह क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र उभट आहे, असा समज पोस्टरांमुळे घट्ट रुजला आहे. प्रत्यक्षात व्हिएन्नाच्या बेल्व्हेदेर संग्रहालयातील मूळ चित्र १८० बाय १८० सेंटिमीटरचे, म्हणजे पूर्ण चौरस आहे. उभ्या चौकटीत बसावे म्हणून छापणारे दोन्ही बाजू कापतात आणि त्या युगुलाभोवतीचा, सोन्याच्या कणांनी भरलेला मोकळा अवकाश नाहीसा होतो. फुलांच्या हिरवळीच्या अगदी कडेवर रुतलेली स्त्रीच्या पायाची बोटे त्या अवकाशाशेजारीच दिसायला हवीत, कारण चित्रातला तोल तिथेच आहे. शिवाय मूळ चित्रात खरा सोन्याचा वर्ख आहे, तर छापील प्रतीत बहुधा केवळ पिवळसर शाई.

दुसरा समज असा की हयातीत क्लिम्टची उपेक्षाच झाली. व्हिएन्ना विद्यापीठासाठी केलेल्या त्याच्या छतचित्रांवर वादळ उठले आणि १९०५ मध्ये त्याने मानधन परत केले, हे खरे; पण १९०८ च्या प्रदर्शनात, ‘चुंबन’ अजून अपुरे असतानाच, सरकारने ते २५,००० क्रोनला (तेव्हाचे ऑस्ट्रियन चलन) विकत घेतले. त्याच वर्षापासून त्याच्या हयातीतच पन्नास चित्रांच्या उत्तम छापील प्रतींचा संच टप्प्याटप्प्याने निघू लागला व तो १९१४ पर्यंत पूर्ण झाला. ‘चुंबन’चे पोस्टर घेताना मात्र आधी लांबी-रुंदी पाहावी; मूळ चित्राप्रमाणे दोन्ही सारख्या हव्यात.