बेसमेंटच्या भिंतीतलं पाणी: पुण्यातली जुनी गोष्ट

जुलै उजाडला की पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये बेसमेंटच्या भिंतीतून येणारं पाणी हा विषय निघतोच. सुरुवात बिल्डरच्या नावानं होते आणि शेवट वॉटरप्रूफिंगवाल्याच्या कोटेशनवर. या सगळ्यात खडकाचं नाव कोणी काढत नाही. पाणी मात्र तिथूनच येतं.

पुणं दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दगड तयार झाला. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्याच्या आसपास. कोथरूड, बावधन, बाणेर हे भाग टेकड्यांच्या उतारावर आहेत. टेकडीवर मुरलेलं पाणी भेगाभेगांतून सावकाश खाली उतरतं, म्हणून पाऊस उघडला तरी तळघराचा पाझर काही आठवडे चालू राहतो.

पेशवाईतल्या बांधकामात तळघरं नव्हती असं नाही, पण वाड्याचा भर होता उंच जोत्यावर. जोतं घडीव काळ्या दगडाचं, बांधकाम घाणीत मळलेल्या चुन्यात. चुना ओल शोषतो आणि हवा मिळाली की सोडतो, त्यामुळे भिंत ओली व्हायची आणि वाळायचीही. वाड्यातल्या आडात डोकावलं की जमिनीखालचं पाणी किती वर आलंय ते घरातल्या कोणालाही कळे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आला. त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला बांधलेले मनोरे, शहरात आजही काही ठिकाणी दिसतात. पाण्याला वाट काढून द्यायची, ही त्या कारागिरांची रीत होती. अर्थात वाड्यांच्या खालच्या खोल्या कोरड्या ठणठणीत असत, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पोपडे तिथेही निघायचे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. नंतरची नवी घरं सिमेंटकडे वळली, पण सिमेंट सरकारी नियंत्रणात होतं. ते नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठलं. पुढे गाड्या वाढल्या, जागा महागली आणि पार्किंग जमिनीखाली गेलं. पुण्याच्या पाण्याशी खरा सामना इथून सुरू झाला.

कारण बेसमेंटसाठी खडकात खड्डा घ्यावा लागतो. आरसीसी भिंत उभी राहिली की तिच्यात आणि खडकात फट उरते. त्या फटीत नीट निवडलेला मुरूम किंवा खडी भरायची सोडून साइटवरचा राडारोडा लोटला जातो. चहूबाजूंच्या भेगांतलं पाणी तिथे उतरतं आणि अडकतं, खाली खडक असल्यामुळे जाणार कुठे? तीन मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो. एवढ्या दाबाला राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) आणि भिंतीचा सांधा, शटरिंग धरून ठेवणाऱ्या टाय रॉडची भोकं, हनीकोंब झालेलं म्हणजे आत पोकळ्या राहिलेलं काँक्रीट किंवा केबल आत घेणारा पाइप (स्लीव्ह), यांपैकी एक जागा कच्ची असली तरी पुरते.

यावरचा जुना उपाय म्हणजे बॉक्स वॉटरप्रूफिंग. राफ्टखाली आणि भिंतीच्या बाहेरून खडबडीत शहाबादी फरशी लावायची आणि मागची पोकळी सिमेंटच्या ग्राउटनं, म्हणजे पातळ मिश्रणानं, भरून काढायची. काम मजुरांच्या हातावर अवलंबून, पण मन लावून केलं तर चांगलं टिकतं. अडचण जागेची. बाहेर माणूस उभा राहील एवढी मोकळीक हवी आणि शहरातल्या चिंचोळ्या प्लॉटवर भिंत थेट खडकाला लावूनच ओततात. मग बाहेरची बाजू कायमची हातातून जाते.

म्हणून पुण्यातली बहुतेक दुरुस्ती आतून होते. आधी आली वॉटरप्रूफ पावडर घातलेल्या प्लास्टरची पद्धत. मागून दाब असताना ते प्लास्टर सुटतं, हे दोन पावसाळ्यांत दिसतंच, तरी ते अजून केलं जातं, कारण स्वस्त आहे आणि रंग दिल्यावर दिसतंही छान. त्यानंतर भोकं पाडून, नोझल बसवून सिमेंट ग्राउटिंग आलं. वाहत्या पाण्यासाठी पीयू (पॉलीयुरेथेन) ग्राउट आलं. ते पाणी लागलं की फुगतं आणि भेग भरतं. क्रिस्टलाइन कोटिंग काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवतं, त्यामुळे आतून लावूनही चालतं, पण हलत्या भेगेपुढे त्याचा इलाज नाही. एक जागा बंद केली की पाणी चार फुटांवर दुसरी शोधतं, हा अनुभव सोसायट्यांना नवा नाही. मला विचाराल तर भेगा भराव्यातच, पण भिंतीच्या पायथ्याशी गटार काढून, संप (पाणी गोळा करायचा खड्डा) खणून पंपही बसवावा. दाब उतरवल्याशिवाय ग्राउटिंगवर ओतलेला पैसा फार दिवस पुरत नाही.

खर्च कोणी करायचा, हे २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यानं बरंच स्पष्ट केलं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. त्याआधीच्या इमारती देखभाल निधीकडेच बघतात.

मे महिन्यात भिंत ओली असेल तर मात्र खडकाला दोष देण्याआधी पार्किंगजवळची जमिनीखालची टाकी, ड्रेनेजची लाइन आणि महापालिकेच्या पाण्याचं कनेक्शन तपासावं. पाझरणाऱ्या पाण्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरिन सापडलं तर ते पाणी टेकडीवरून आलेलं नाही. अशा वेळी भिंतीला हात लावण्याआधी प्लंबरला बोलवावं.