सात आसनी गाडीतील अपघात संरक्षण (बेळगाव सीमाभाग)

धडक बसली किंवा गाडी उलटली तरी आतली माणसे वाचावीत, यासाठी मोठ्या एसयूव्हीच्या सांगाड्यात, आसनांत आणि ब्रेकयंत्रणेत केलेली रचना म्हणजे अपघात संरक्षण. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत अशी गाडी लग्नकार्य, देवदर्शन, गोव्याची फेरी आणि कोल्हापूरचा दवाखाना या सगळ्याला लागते. ती क्वचितच रिकामी धावते. त्यामुळे तिच्या सुरक्षेचा विचार चालकापाशी न थांबवता शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो.

गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, पत्रा किती जाड. जीव वाचतो तो सांगाड्यामुळे. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेग असेल तर धडकेची ऊर्जा चौपट होते. ती माणसांपर्यंत पोहोचण्याआधी खर्ची पडावी म्हणून बॉनेटखालचा भाग मुद्दाम चुरगळणारा ठेवतात आणि बसण्याची जागा मात्र शक्य तितकी ताठ. अभियंते बेला बारेनी यांनी मांडलेली ही रचना १९५९ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोने अभियंते नील्स बोलीन यांचा तीन टोकांचा सीटबेल्ट आणला.

पुढची सारी यंत्रणा पट्टा लावलेला आहे असे धरूनच बेतलेली असते. धडकेच्या क्षणी पट्टा आधी आवळला जातो, मग छातीवर ताण वाढू नये म्हणून किंचित सैल सुटतो आणि सेकंदाच्या काही शतांशांत फुगलेली एअरबॅग डोके झेलते. पट्टा नसलेला माणूस फुगत्या पिशवीवरच आदळतो, आणि मागे बसलेला पुढच्याच्या पाठीवर. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर बसलेले असताना अपघातात गेले; त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. तरीही आपल्याकडे मागचे पट्टे सीटकव्हरखाली दडपलेले असतात.

लेकरू मांडीवर घेण्याची सवय याहून घातक. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १४० किलो भाराइतक्या जोराने पुढे ओढले जाते. कुठल्याही आईच्या हातांना ते पेलणार नाही. तान्ह्या मुलासाठी मागे तोंड करून बसवायचे बाळासन हवे, आणि शक्यतो आसनातल्या आयसोफिक्स कड्यांना (बाळासन पक्के बसवण्यासाठीच्या लोखंडी कड्या) अडकवलेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बाळासनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी भारत एनकॅप ही ऐच्छिक धडक-चाचणी सुरू झाली. समोरून ताशी ६४ किलोमीटरची अर्धवट धडक आणि बाजूने ५० किलोमीटरची धडक देऊन प्रौढ व मुले यांच्यासाठी वेगवेगळे तारे दिले जातात. डिसेंबर २०२३ मधल्या पहिल्या निकालांत टाटा सफारी आणि हॅरियर यांना पाच तारे मिळाले. हे तारे पट्टे लावलेल्या बाहुल्यांवरून ठरतात. माघी पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्का देवीला निघालेल्या, सातांच्या जागी अकरा माणसे भरलेल्या गाडीला ते लागू होत नाहीत.

या भागातला सर्वांत मोठा धोका मात्र कुठल्याच चाचणीत नसतो. गळीत हंगामात निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, अथणीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या धावतात, बिघडल्या तर तिथेच उभ्या राहतात. बहुतेकींना मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो आणि ऊस मागे हातभर बाहेर आलेला. अशा ट्रॉलीवर मागून आदळल्यास मार बंपरऐवजी बॉनेटवरून थेट काचेवर येतो; चुरगळणारा भाग कामालाच लागत नाही. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असली तरी अंधारात बाहेर आलेले ऊस ती वेळेत ओळखेलच, असा भरवसा धरू नये. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय तिला आवारात घेऊच नये, इतकी कडक शिस्त इथे हवी.

घाटातला धोका वेगळा. तवंदी, चोर्ला, अनमोडच्या वळणांवर उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असल्याने ती कलंडू शकते, आणि टपावर सामान बांधले की आणखीच. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे रस्ता निसरडा झाला की ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून घसरण सावरते. गाडी उलटलीच, तर खिडक्यांवर उतरणाऱ्या पडदा-एअरबॅगा डोकी वाचवतात. त्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे विकत घेताना विचारावे.

हौसेने बसवलेला लोखंडी बंपर गार्ड या सगळ्यावर पाणी फिरवतो. तो धडकेचा मार सरळ सांगाड्यात नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरची गल्लत करतो; केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर कारवाईचे निर्देश राज्यांना दिले. घट्ट शिवलेले सीटकव्हर आसनातील एअरबॅग अडवते.

जुनी गाडी घेताना, ती केए-२२ ची (बेळगाव) असो वा एमएच-०९ ची (कोल्हापूर), चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो का, ते पाहावे. तो पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर यंत्रणेत बिघाड आहे किंवा आधीच्या अपघातात फुटलेली एअरबॅग बदललेली नाही.