मूळच नसलेल्या साल्विनियाचं मूळ

मे महिन्यात आमच्या वाड्यावरची तळी साफ करायला घेतली तेव्हा सगळे एकच म्हणत होते, जलपर्णी जलपर्णी. पण ती जलपर्णी नव्हतीच. जलपर्णीला जांभळी फुलं येतात, हिला फूल येणारच नाही कारण हा नेचा, म्हणजे फर्न आहे, साल्विनिया मोलेस्टा. एक पान हातात घेऊन नीट बघा, वरच्या बाजूला बारीक केसांचे झुपके, टोकाला परत जुळलेले, अगदी अंडी फेटायच्या तारेच्या फेटणीसारखे, त्यात हवा अडकते म्हणून पाणी ओतलं तरी थेंब घरंगळून जातो, पान ओलं होतच नाही. आणि खाली तपकिरी मुळं लोंबतात ना, ती मुळं नाहीतच, तिसरं पानच बारीक चिरलं जाऊन तसं झालंय.

एकाने लगेच बिल पोर्तुगीजांच्या नावावर फाडलं. साहजिक आहे म्हणा, हिचं माहेर आग्नेय ब्राझील, आणि ब्राझीलचा काजू इथे कोणी आणला हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ही विसाव्या शतकातली पाहुणी. 1939 मध्ये श्रीलंकेत कोलंबोच्या वनस्पतीशास्त्र विभागामार्फत आली, तिथून सुटली, आणि 1950 च्या दशकात केरळात दिसली. तिकडे आफ्रिकेत झांबेझी नदीवर 1958 च्या शेवटी करिबा धरणाचं पाणी अडवलं आणि 1962 पर्यंत त्या जलाशयाचा जवळपास 1000 चौरस किलोमीटर भाग हिने झाकून टाकला, म्हणजे आख्ख्या गोव्याच्या पाव भागापेक्षा जास्त!

एवढं करून ही बया वांझ. गुणसूत्रं 45, नऊ-नऊचे पाच संच, जोड्याच जुळत नाहीत त्यामुळे तिचे बीजाणू रुजत नाहीत. सगळा संसार तुकड्यांवर, फांदी मोडली की नवीन रोप, पाणी मानवलं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट. जाळ्याला किंवा टपाला चिकटलेला एक कोंब पुरतो.

तिला आवरायला उशीर का झाला ते जरा मजेशीर आहे. लोक तिला बरीच वर्षं दुसरीच, साल्विनिया ऑरिक्युलाटा समजत होते, म्हणून त्या जातीवरचे भुंगे आणून सोडले, ते काही फारसे चालले नाहीत. 1972 मध्ये मिचेल या वनस्पतीशास्त्रज्ञांनी ही वेगळी जात म्हणून नाव दिलं, मग 1978 मध्ये ब्राझीलमध्ये तिचं खरं घर सापडलं आणि तिथला जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगा हाती लागला. मोठे भुंगे कोंब खातात, अळ्या खोड पोखरतात. 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात लेक मूंडारात सोडला, पुढच्या वर्षी तळं जवळपास मोकळं. 1983 मध्ये बंगळूरच्या एका कमळतळ्यात सोडला, तिथे 11 महिन्यांत काम झालं, मग केरळातही.

आमच्या तळीचा ओहळ खाली खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत जातो. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या दारापाशी, भरतीचं खारं पाणी लागलं की ही काळी पडून मरते, म्हणून तिथे कोणाला तिचा त्रास नाही, त्रास सगळा वरच्या गोड्या पाण्याला. आम्ही तीन टेम्पो भरून काढली, काठावर ढीग घातला. निघताना बघतो तर शेजारची पोर प्लास्टिकच्या डब्यात चार पानं घेऊन चाललेली, फिश टँकमध्ये छान दिसतात म्हणून.