परमुलुखातल्या गिऱ्हाइकांसाठी भाजीची गाडी: बॉडी बांधायला टाकण्याआधी वाचा

सांगली, मिरज, कुपवाड परिसरात भाजीची फिरती गाडी सुरू करू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. छोट्या टेम्पोवर आणि तीनचाकीवर भाजीची बॉडी बांधून देणे हे आमचे काम. पण गाडीवर काय विकणार आणि कुणाला विकणार हे ठरल्याशिवाय बॉडीचे माप ठरत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

शहरात मंडई आहे, आठवडा बाजार भरतो, दारावर हातगाडी येते. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो घेऊन तुम्हीही त्याच गल्ल्यांत शिरलात तर भाव पाडण्यापलीकडे हातात काही उरत नाही. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत मात्र बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालकडचे कामगार चौघे-पाचजण मिळून खोली करून राहतात. 1894 साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचा मिशन दवाखाना सुरू झाला आणि पुढे मिरज दवाखान्यांचे गाव झाले. इथल्या दवाखान्यांत केरळच्या परिचारिका काम करतात. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांत छाटणीला बिहारचे मजूर येतात. या माणसांची पाळी सुटते तेव्हा मंडई आवरत आलेली असते. वेळेत पोहोचले तरी त्यांच्या घरी शिजते ती भाजी तिथे असेलच असे नाही. गाडी या गिऱ्हाइकासाठी काढा, असा आमचा आग्रह आहे. माल तर बहुतेक आपल्याच रानात आहे.

रानात आहे, मंडईत नाही

हळदीचेच बघा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या पानाला इथे कुणी विचारत नाही. ओडिशाच्या घरांत प्रथमाष्टमीला हळदीच्या पानात गुंडाळून ‘एंडुरी पिठा’ हा तांदळाच्या पिठाचा पदार्थ वाफवतात. हा सण आपल्या कार्तिक वद्य अष्टमीला, म्हणजे कालभैरव जयंतीच्याच दिवशी येतो. त्या वेळी आपल्याकडची हळद रानात उभी असते आणि पाने हिरवीगार असतात. दहा-दहा पानांची जुडी बांधून त्या आठवड्यात गाडीवर ठेवली तर ओडिया गिऱ्हाईक ती शोधत येईल. पाने शेतकऱ्याला विचारूनच घ्या आणि एकाच झाडाची सगळी ओरबाडू नका, खाली कंद पोसायचा असतो. करपा या पानांवरच्या रोगासाठी नुकतीच फवारणी झालेल्या प्लॉटमधले एकही पान घेऊ नका. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेले असते. पण ते कंदासाठी असते. पानात तर अन्न शिजणार आहे. शक्यतो फवारणी नसलेल्या चार सऱ्या आधीच बोलून ठेवा.

शेवग्याच्या पाल्याला हेच लागू. तमिळ, मल्याळी आणि ओडिया घरांत हा पाला आवडीने खातात, पण शेंगेसाठी लावलेल्या बागेत फवारणी पाल्यावरूनच जाते. बांधावरचे, परसातले झाड बघा.

मायाळू आपल्याकडे कुंपणाला चढवतात आणि कधीतरी भजी करतात. बंगाली माणसाची ती रोजची पुईशाक आहे, आणि त्याला नुसती पाने नकोत, कोवळे देठही हवेत. केळीचा घड सुटला की खालचे केळफूल मोडून टाकतात. बंगाली आणि मल्याळी दोघेही ते विकत घेतात. बिहारच्या गिऱ्हाइकाने बथुआ मागितला तर चाकवत द्या, नेनुआ मागितला तर घोसाळे द्या. चोख्याला, म्हणजे त्यांच्याकडच्या भरताला, भाजायला वांगे लागते आणि कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल सांगलीकराला वेगळे सांगायला नको.

परवल मात्र इथे पिकत नाही. ते मोठ्या बाजारातून आणावे लागते आणि महाग पडते. केरळचा कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, काढल्यापासून दोन-तीन दिवसांत आतून काळा पडू लागतो. असा माल मागणी घेऊन, आधी पैसे घेऊनच आणा.

सणाचा आठवडा

छठ हा या धंद्यातला सगळ्यात मोठा दिवस. दिवाळीच्या अमावास्येनंतर षष्ठीला बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची मंडळी पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देतात. सुपात काय काय मांडतात ते एकदा नीट पाहा: पानांसकट ओल्या हळदीचे रोप, आल्याचे रोप, पाल्यासकट मुळा, रताळे, नारळ, केळी, मोठे लिंबू, आणि शेजारी वाढ्यासकट अख्खा ऊस. यातले जवळजवळ सगळे कृष्णेच्या काठावर पिकते! तरी बऱ्याच कुटुंबांना ते चार ठिकाणी हिंडून गोळा करावे लागते. त्यांना एकत्र संच करून द्या. ऊस तोडून तुकडे करू नका, मुळ्याचा पाला कापू नका, हळदीचे रोप मुळासकट पण माती धुऊन द्या. हे पूजेचे सामान आहे. ते पायाजवळच्या क्रेटमध्ये टाकू नये, वेगळ्या स्वच्छ फळीवर ठेवावे. उसासाठी आम्ही टपावर लांबीच्या दिशेने कॅरियर बसवून देतो. ऊस मागे बॉडीबाहेर लोंबता ठेवून रस्त्यावर जाऊ नका, मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवाशी खेळ होतो.

केरळचा ओणम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. त्या आठवड्यात सुरण, कच्ची केळी, कोहळा, पडवळ, शेवगा, चवळीच्या शेंगा आणि भरपूर कढीपत्ता. नर्सिंग हॉस्टेलमधून यादी चार दिवस आधी घेऊन ठेवा.

बॉडी कशी बांधतो

पुष्कळ ग्राहक विचारतात, फ्रिजची गाडी का नको? कारण सगळ्या भाज्यांना एकच गारवा मानवत नाही. पालेभाजी 0 ते 5 अंशांत टवटवीत राहते. वांगी, भेंडी, काकडी 7 अंशांच्या खाली काही दिवस राहिली तर अंगावर डाग आणि खड्डे पडतात. केळी 13 अंशांच्या खाली काळी पडतात. त्यात डिझेलचा खर्च वेगळा. एका फेरीत संपणाऱ्या मालाला सावली, खेळती हवा आणि ओलावा पुरतो.

आम्ही टपाला दुहेरी पत्रा घालतो, मध्ये हवेची फट ठेवतो आणि वरून पांढरा रंग देतो. फळ्या जाळीच्या आणि समोर किंचित उतरत्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि माल गिऱ्हाइकाला दिसतो. कांदा, बटाटा, सुरण खाली; पालेभाजी कमरेच्या उंचीवर; पिकलेली केळी आणि आंबा मागच्या दाराजवळ वेगळ्या कप्प्यात. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते.

ओले गोणपाट चैत्र-वैशाखात फार चांगले काम करते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते. पावसाळ्यात तेच गोणपाट माल कुजवते. तेव्हा भाजी कोरडी ठेवा, बाजूच्या ताडपत्र्या वर गुंडाळा. पालेभाजीवर पाणी मारून ती ताजी दाखवण्याची सवय लावून घेऊ नका. ओली जुडी दुसऱ्या दिवशी खोलीवर सडते आणि गिऱ्हाईक ते विसरत नाही.

हिशेब

समजा, 20 रुपये किलोने 100 किलो माल घेतला आणि त्यातला 15 किलो फेकावा लागला. मग उरलेला 85 किलो तुम्हाला 23 रुपये 53 पैसे किलोने पडला. गाडीचा हप्ता आणि डिझेल अजून यात धरलेलेच नाही. म्हणून पहिले काही महिने गाडी पूर्ण भरू नका. लवकर संपलेली भाजी उद्याचे गिऱ्हाईक राखते.

पाव किलोचा भाव लावा. खोलीवर एक शेगडी असते, फ्रिज नसतो, रोजची भाजी रोज लागते. पाव किलो मागणाऱ्याला अर्ध्याचा आग्रह करू नका. उधारी पगाराच्या तारखेपर्यंत आणि वहीत लिहूनच, त्यालाही ती नोंद दाखवून. गाडी रोज ठरल्या वेळी, ठरल्या फाटकापाशी उभी राहिली पाहिजे. पाळी सुटून दमलेला माणूस वाट बघत थांबणार नाही.

आणि हाक मारताना दादा, ताई, सिस्टर म्हणा. ‘ए भय्या’ म्हणून हिणवणाऱ्याकडून कुणी भाजी घेऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते. भावाची पाटी हिंदीत, आणि जमल्यास मल्याळम-बंगालीतही त्याच गिऱ्हाइकांकडून लिहून घ्या.

कागदपत्रे

फळे आणि भाजीपाला 2016 पासून महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरून थेट खरेदी करता येते. अन्न नोंदणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. महापालिका हद्दीत विकायचे तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे फिरत्या विक्रेत्याच्या प्रमाणपत्रासाठी पालिकेत अर्ज करा. हे प्रमाणपत्र असले की पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेतून खेळत्या भांडवलासाठी 15,000 रुपयांपर्यंतचे पहिले कर्ज मागता येते. वेळेत फेडल्यास पुढचे 25,000 आणि त्यानंतर 50,000.

मालासकट एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. विमा, फिटनेस आणि पीयूसी लागतेच. हलक्या वाहनाचे साधे लायसन्स चालते. बॉडीत केलेल्या बदलाची आरटीओकडे नोंद झाली पाहिजे. त्यासाठी लागणारे बिल आणि मापांचा नकाशा आम्ही देतो.

गाडी अजून घेतली नसेल तर चेसिसचे पैसे भरण्याआधी वर्कशॉपला या. येताना कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: कोणत्या वसाहतीत जाणार, तिथली माणसे कुठली, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितलेल्या भाज्या. गाडी आधीच असेल तर आरसीची प्रतही आणा. फळ्यांची मापे आपण समोरासमोर बसून काढू, आणि जुन्या गाडीवर तयार बॉडी बसत असेल तर नवीन बांधायला आम्ही सांगणार नाही.