बारीक जागा शोधणारा पीळ

वेचून आणलेल्या कापसातली सरकी काढून टाका, उरलेल्या रुईचा लहानसा पुंजका डाव्या हाताच्या चिमटीत सैल धरा आणि उजव्या हाताने त्याचे टोक हळूच ओढा. तंतू एकमेकांवरून घसरतात, पुंजका लांबतो आणि वीतभर अंतर होण्याआधीच त्याचे दोन तुकडे होतात. आता तसाच दुसरा पुंजका ओढताना उजव्या हाताची बोटे एकाच दिशेने फिरवत राहा. या वेळी तुकडे पडत नाहीत. बोटांपासून एक दोरा निघू लागतो आणि तो बऱ्यापैकी ताण सहन करतो. औषधाच्या दुकानातला कापूसही चालेल, मात्र त्यावरचे नैसर्गिक मेण काढून टाकलेले असल्यामुळे त्याचे तंतू तितक्या सहजपणे घसरत नाहीत.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांब वाढलेली पेशी. तिची लांबी साधारण २० ते ३० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते. बोंड फुटेपर्यंत ही पेशी रसाने भरलेली नळी असते. बोंड उमलून ऊन लागले की आतला रस सुकतो, नळी चपटी होते आणि तिला जागोजागी आपोआप वेढे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा तंतू पीळ दिलेल्या फितीसारखा दिसतो, आणि ही त्याची ओळख हजारो वर्षांनीही पटते. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला कापडाचा तुकडा मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या कापूस प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा तो कापसाचाच आहे हे ठरवताना या वेढ्यांचा आधार झाला होता.

बोटभर लांबीच्या तंतूंपासून मैलभर लांब धागा कसा होतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दोरखंडाच्या बाबतीत गॅलिलिओनेही १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो चर्चेला घेतला होता. उत्तर घर्षणात आहे. पीळ दिलेला धागा ताणला की बाहेरचे तंतू आतल्या तंतूंना आवळतात. ताण जितका वाढतो तितकी पकड घट्ट होते, आणि अखेरीस तंतू घसरण्याऐवजी तुटण्याची वेळ येते. पीळ नसेल तर ताण तंतूंना एकमेकांपासून दूर नेतो. पीळ असेल तर तोच ताण त्यांना एकमेकांवर दाबतो.

आता चरख्याकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या चरख्याच्या, म्हणजे जुन्या मराठीतल्या रहाटाच्या, चाकाला पुष्कळदा लाकडी धाव, म्हणजे परिघावरचे कडे, नसते. आऱ्यांच्या दोन रांगांची टोके सुतळीने नागमोडी बांधून घेतलेली असतात आणि त्या सुतळीच्या जाळीवरून माळ, म्हणजे चाकाची गती पुढे नेणारी दोरी, फिरते. ही माळ समोरच्या चातीला, म्हणजे सूत कातणाऱ्या टोकदार लोखंडी सळईला, फिरवते. चाक ६० सेंटिमीटर व्यासाचे आणि चातीचा माळ बसणारा भाग एक सेंटिमीटरचा धरला, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती सुमारे ६० वेळा फिरते. माळ घसरते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेल्या पेटीचरख्यात हेच काम दोन लहान चाकांकडून करून घेतले आहे.

मध्यम जाडीचे, २० अंकी सूत घेऊ (अंक जितका मोठा तितके सूत बारीक). अशा एक ग्रॅम सुताची लांबी सुमारे ३४ मीटर भरते आणि ते कुठेही कापले तर छेदात साधारण १८० तंतू मोजता येतात. ताण्यासाठी, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांसाठी, त्याला मीटरमागे सुमारे ७०० पीळ लागतात. म्हणजे मीटरभर सुतासाठी चाकाचे बारा फेरे. कातणाऱ्या बाईचा हात एका ओढीत अर्धा-पाऊण मीटर मागे जातो, तेवढ्यात उजवा हात चाकाचे सहा ते नऊ फेरे पुरे करतो, आणि हे प्रमाण तिला मोजून नव्हे, हाताच्या सवयीने साधते.

चातीच्या टोकाशी काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. धागा चातीला काटकोनात न धरता तिच्या टोकाकडे तिरपा धरलेला असतो, त्यामुळे चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि दर निसटण्यामागे धाग्यात एक पीळ भरला जातो. डाव्या हाताची ओढ संपली की चाक जरासे उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, हात वळवून धागा चातीला काटकोनात आणायचा आणि चाक पुन्हा सुलटे फिरवायचे. मग तोच धागा निसटण्याऐवजी चातीवर गुंडाळला जाऊन कुकडी, म्हणजे सुताची गुंडाळी, वाढत जाते. पीळ देणे आणि गुंडाळणे ही दोन्ही कामे एकच चाती करते. बदलतो तो फक्त धाग्याचा कोन.

परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती डाव्या हातातल्या पेळूची गोष्ट. पिंजलेल्या रुईचा हा पोकळ, सैल पेळू कितीही नीट वळला तरी त्यात कुठे तंतू दाट, कुठे विरळ असतात. मग त्यातून एकसारखे सूत निघते कसे? हाताला प्रत्येक जाड-बारीक जागा ओळखून दुरुस्त करायला वेळ नसतो. ती दुरुस्ती पीळ करतो. धाग्यातली पिळण्याची ओढ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असते, पण जाड भाग पिळायला अवघड आणि बारीक भाग सोपा. घन दांडीची जाडी दुप्पट केली तर पिळाला होणारा विरोध १६ पट वाढतो. सुट्या तंतूंच्या धाग्यात तो इतका वाढत नाही, तरी नियम तोच. म्हणून पीळ आधी धावतो तो बारीक जागेकडे. ती जागा आवळली जाते, तिच्यातले तंतू अडकून बसतात आणि ती आणखी बारीक होण्याचे थांबते. जाड जागेत मात्र पीळ पुरेसा शिरलेला नसतो, तिथले तंतू अजून मोकळे असतात. मागे जाणारा हात त्यांनाच ओढतो आणि ती जागा बारीक होते. बारीक झाली की तिच्याकडेही पीळ येतो. हे सारे एका ओढीत, डोळ्यांदेखत घडते: धाग्यावर दिसणारे गुठळीसारखे फुगवटे हात मागे जाता जाता विरघळल्यासारखे नाहीसे होतात.

यासाठी पिळाचे प्रमाण नेमके लागते. कमी पडला तर बारीक जागा तिथेच निसटून सूत तुटते. जास्त झाला तर तो थेट पेळूत शिरतो, तंतू जखडतात आणि ओढायला काही उरत नाही. तयार सुतालाही अति पीळ सोसत नाही. तंतू फार तिरपे झाले की ताण त्यांच्या लांबीच्या दिशेने नीट पोहोचत नाही, सुताची ताकद घटते आणि सैल सोडताच त्याला वेटोळी पडतात. ताज्या सुतातला हा चुळबुळेपणा पाण्याने किंवा वाफेने बसतो, कारण ओलाव्याने सेल्युलोजच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि सूत वाळताना नव्या, पीळ भरलेल्या स्थितीत पुन्हा जुळतात.

ओलाव्याचा संबंध इथेच संपत नाही. पुष्कळ तंतू भिजल्यावर दुबळे होतात, कापूस उलट बळकट होतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात सूत वरचेवर तुटते आणि पावसाळ्यात सलग निघते, त्याचे एक कारण हे. ढाक्याच्या मलमलीचे अतिशय बारीक सूत सकाळी आणि संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना कातले जाई. ते मोठ्या चरख्यावर नव्हे, तर टोक टेकवून हाताने फिरवायच्या बारीक चातीवर निघे. पिळाचा नियम मात्र तोच.

त्या मलमलीचा कापूस देशी कुळातला होता. या कुळातल्या पुष्कळ वाणांचा तंतू आखूड, तर हल्ली सर्वत्र पिकणाऱ्या अमेरिकन कुळातल्या वाणांचा बहुधा २७ ते ३० मिलिमीटरांचा असतो. गिरणीतले यंत्र रुईची वात आधी रुळांच्या जोड्यांमधून ओढून बारीक करते आणि पीळ नंतर देते. स्वातंत्र्यानंतर आलेल्या अंबर चरख्यातही रूळच ओढण्याचे काम करतात. दोन जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीशी जुळवावे लागते. त्याहून आखूड तंतू मधल्या मोकळ्या जागेत कोणाच्याच पकडीत नसतो, तो झुपक्याने पुढे सरकतो आणि सुतात जाड-बारीक जागा पडतात. चरख्यावर ओढणे आणि पीळ देणे एकाच वेळी चालते. तिथे आखूड तंतूही मोकळा राहत नाही, कारण त्याला धरून ठेवणारा पीळ त्याच्या शेजारीच असतो.